हात तोच, मशीन तेच, मग एनसीव्हीचे आकडे का हलतात?

प्रश्न थोडक्यात असा. एमडी फिजिऑलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका डॉक्टरांनी प्रबंधासाठी ३० निरोगी एमबीबीएस विद्यार्थ्यांची नर्व्ह कंडक्शन टेस्ट (एनसीव्ही, म्हणजे नर्व्हला छोटा शॉक देऊन लहर किती वेगाने जाते आणि किती मोठी उमटते ते मोजणं) दोनदा घेतली, मध्ये दोन आठवडे सोडून. मनगटातून अंगठ्याकडे जाणाऱ्या मीडियन नर्व्हचा वेग दोन्ही वेळा जवळजवळ तोच, बहुतेकांचा फरक दोन-तीन मीटर प्रति सेकंदाचा, तरी आयसीसी (इंट्राक्लास कोरिलेशन कोइफिशंट, टेस्टची विश्वासार्हता सांगायला वापरतात तो साधारण ० ते १ मधला आकडा) निघाला ०.६. ॲम्प्लिट्यूड, म्हणजे लहरीची उंची, मात्र एक-दीड मिलिव्होल्टने सहज हललं, सहा नंबरच्या मुलाचं तर १३ वरून ८ वर घसरलं, आणि त्याचा आयसीसी ०.९! गाइड म्हणतात, 'वेग बेभरवशाचा, ॲम्प्लिट्यूड भरवशाचं' असा निष्कर्ष लिहा. मशीनमध्येच काही दोष असेल का, अशीही त्या डॉक्टरांना शंका आहे.

नका लिहू. मशीन ठीक आहे आणि तुमची आकडेमोडही ठीक आहे. घोळ झालाय तो आयसीसीला भलताच प्रश्न विचारण्यात. मी पंचवीसेक वर्षं हेच काम करतोय, दिवसाला आठ-दहा पेशंटचे हातपाय, आणि दर वर्षा-दोन वर्षांनी एखादा प्रबंध माझ्या टेबलावर येतो ज्यात नेमकं हेच उलटं वाक्य छापलेलं असतं.

एक साधी गोष्ट डोळ्यासमोर आणा. डेअरीतल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर अर्ध्या लिटरच्या तीस दूधपिशव्या दोनदा तोला. काटा पाच-सात ग्रॅम इकडेतिकडे दाखवतो. पिशव्या मुळातच एकसारख्या, त्यामुळे पहिल्या खेपेला जी सगळ्यात जड ठरली ती दुसऱ्या खेपेला बाराव्या नंबरावर गेली तरी नवल नाही. आता रस्त्याकडेच्या कलिंगडवाल्याचा जुना स्प्रिंगचा काटा घ्या, दोनशे ग्रॅम सहज खाणारा. त्यावर दोन किलोपासून सात किलोपर्यंतची तीस कलिंगडं तोला. लहान ते लहान, मोठं ते मोठं, क्रम दोन्ही वेळा जवळपास तोच लागेल. आयसीसी एवढंच बघतो की मोजताना होणाऱ्या चुकीच्या मानाने नगानगातला फरक किती मोठा आहे. म्हणून तो कलिंगडवाल्याला शाबासकी देणार आणि डेअरीवाल्याला नापास करणार.

तुमच्या आकड्यांशी जुळतील असे गोल आकडे धरून मांडतो. वेगाच्या बाबतीत माणसामाणसांतलं प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप) समजा २.५ मीटर प्रति सेकंद आणि एकाच माणसाच्या पुन्हा पुन्हा घेतलेल्या रीडिंगमधलं २. वर्ग केले की ६.२५ आणि ४. आयसीसी म्हणजे ६.२५ भागिले १०.२५, अर्थात ०.६१. ॲम्प्लिट्यूडचं माणसामाणसांतलं विचलन ३ मिलिव्होल्ट, एकाच माणसातलं १. वर्ग ९ आणि १, आयसीसी ०.९. आता चूक सरासरीच्या टक्केवारीत पाहा. वेगाची सरासरी ५८, चूक २, म्हणजे साडेतीन टक्क्यांच्याही आत. ॲम्प्लिट्यूडची सरासरी १०, चूक १, म्हणजे दहा टक्के. भरवशाचं कोण?

त्यात तुमचे सगळे विद्यार्थी अठरा ते वीस वर्षांचे, धडधाकट, एकाच कॉलेजातले. वेगात फरक पाडणाऱ्या वय आणि आजार या दोन्ही गोष्टी तुम्ही निवड करतानाच बाजूला ठेवल्या. या तिसांत मधुमेहाने नर्व्ह बिघडलेले दहा पेशंट मिसळा, ज्यांचा वेग चाळीसच्या घरात आहे. माणसामाणसांतलं विचलन समजा ६ वर गेलं तर आयसीसी होईल ३६ भागिले ४०, चक्क ०.९. टेप तीच, मशीन तेच, तुमचा हातही तोच, मोजण्यात काडीचीही सुधारणा नाही आणि टेस्ट एकाएकी 'उत्तम' ठरली. निरोगी माणसांवरच्या अभ्यासात आयसीसी एकटा छापण्यात अर्थ नाही तो यामुळे.

जाता जाता आणखी एक. पहिल्या आणि दुसऱ्या वेळच्या सरासऱ्यांवर पेअर्ड टी-टेस्ट (दोन सरासऱ्यांतला फरक निव्वळ योगायोगाचा असू शकतो का ते तपासणारी चाचणी) लावून 'पी ०.०५ पेक्षा जास्त, म्हणजे टेस्ट विश्वासार्ह' असं लिहिण्याची पद्धत आपल्याकडे बोकाळली आहे. निम्म्या मुलांचा वेग पाचने वाढला आणि निम्म्यांचा पाचने घटला तर सरासरी जागची हलणार नाही, पी मोठाच येईल, आणि टेस्ट मात्र कचरा असेल. टी-टेस्टवरून एवढंच कळतं की सगळ्यांचे आकडे एकाच दिशेला सरकले की नाही. ते कळणंही उपयोगाचं असतं, पण कशासाठी ते पुढे येईल. उजवा-डावा हात धरून '६० नर्व्ह' असंही लिहू नका. एका मुलाचे दोन हात म्हणजे दोन मुलं नव्हेत.

मग छापायचं काय? प्रत्येक मुलाच्या दोन रीडिंगमधल्या फरकाचा वर्ग करा, सगळ्यांची बेरीज करा, तिला मुलांच्या संख्येच्या दुपटीने भागा आणि वर्गमूळ काढा. ही झाली एकाच माणसातली चूक. तिला २.७७ ने गुणा. हा आकडा सांगतो की काहीही बदललेलं नसताना दोन रीडिंगमध्ये शंभरपैकी पंचाण्णव वेळा जास्तीत जास्त किती फरक पडू शकतो. वरच्या उदाहरणात वेगासाठी तो साधारण साडेपाच मीटर प्रति सेकंद आणि ॲम्प्लिट्यूडसाठी पावणेतीन मिलिव्होल्ट. सोबत ब्लँड आणि ऑल्टमन या संख्याशास्त्रज्ञांच्या १९८६ मधल्या लेखाने रूढ झालेला आलेख द्या: आडव्या रेषेवर दोन रीडिंगची सरासरी, उभ्या रेषेवर त्यांतला फरक. परीक्षकाला त्यात तुमचे तीसही विद्यार्थी एका नजरेत दिसतील.

आता आकडे हलतात कशाने ते. निरोगी माणसाची नर्व्ह दोन आठवड्यांत बदलत नाही. पेशंटमध्ये आकडा हलला की आजार वाढला की टेस्ट डगमगली हा पेच असतो. इथे तो नाही, जे हललं ते आपल्यामुळे किंवा हवेमुळे.

हवेपासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात जास्त फसवते तीच. बरीच वर्षं झाली, डिसेंबरात एका सकाळी मी माझाच हात मशीनला लावला होता. स्कूटरवरून आलेलो, वर गार पाण्याने हात धुतलेले. त्वचेवर थर्मामीटर लावला तर २९ अंश. मीडियनची डिस्टल लेटन्सी (मनगटावर शॉक दिल्यापासून अंगठ्याच्या स्नायूत लहर उमटेपर्यंतचा वेळ) आली ४.२ मिलिसेकंद. आमच्याकडे वरची मर्यादा ४.४ धरतात, म्हणजे मी कार्पल टनेलच्या (मनगटात मीडियन नर्व्ह दबण्याच्या आजाराच्या) उंबरठ्यावर! गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून हाताभोवती धरली, वीस मिनिटांनी हात ३३ अंशांवर आला, पुन्हा घेतलं तर ३.५. त्वचेचं तापमान एका अंशाने उतरलं की वेग दीड ते अडीच मीटर प्रति सेकंदाने उतरतो आणि डिस्टल लेटन्सी सुमारे ०.२ मिलिसेकंदाने लांबते, असा ढोबळ हिशेब आहे. माझ्या हाताने तो जवळपास तंतोतंत पाळला.

ॲम्प्लिट्यूडचं मात्र उलटं, गार हातात ते वाढतं, विशेषतः सेन्सरीचं, म्हणजे संवेदना नेणाऱ्या तंतूंचं. थंडीत तंतूंवरची सोडियम आत सोडणारी दारं बंद व्हायला वेळ लागतो, म्हणून प्रत्येक तंतूतली विद्युतलहर रुंद आणि उंच होते. लेटन्सी लांबलेली, वेग कमी आणि ॲम्प्लिट्यूड मात्र भरघोस, असा ग्राफ दिसला की मी आधी पेशंटचा हात हातात घेऊन बघतो. ही काही आजची गोष्ट नाही. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने १८५० मध्ये बेडकाच्या नर्व्हमधला वेग मोजला आणि पुढे बाक्स्ट या सहकाऱ्याबरोबर माणसाच्या हातावर प्रयोग केले, तेव्हाच हात गरम की गार यावर आकडा बदलतो हे त्यांच्या ध्यानात आलं होतं.

तुमची पहिली फेरी ऑक्टोबरच्या उकाड्यात आणि दुसरी थंडी पडल्यावर झाली असेल, किंवा मधल्या काळात विभागात एसी बसला असेल, तर तिसांचेही वेग एकाच दिशेला सरकलेले असतील. टी-टेस्ट कामाला येते ती इथे. प्रत्येक रीडिंगसोबत तापमान लिहिलंय ना? लिहिलं नसेल तर प्रबंधात तसं स्पष्ट कबूल करा. लिहिलं असेल आणि हात ३२ अंशांच्या खाली असेल तर सूत्र लावून आकडा 'दुरुस्त' करण्यापेक्षा हात गरम करून पुन्हा घेतलेलं बरं. पायाला मी ३० ते ३१ चालवून घेतो.

नंतर येते टेप. वेग म्हणजे अंतर भागिले वेळ: मनगट ते कोपर अंतर २४ सेंटिमीटर, दोन्ही जागी शॉक देऊन आलेल्या लेटन्सीतला फरक ४.२ मिलिसेकंद, वेग ५७. टेप जरा सैल धरली, त्वचा ताणली गेली, २५ आले: वेग ५९.५. अंतर बरोबर पण कर्सर (लहर सुरू होते तिथे स्क्रीनवर लावायची खूण) ०.२ मिलिसेकंद अलीकडे पडला: ६०. पलीकडे पडला: ५४.५. म्हणजे नर्व्हने काही न करता वेग ५४ ते ६० मध्ये कुठेही फिरू शकतो. आता हेच कोपरावरून जाणाऱ्या अल्नर नर्व्हच्या दहा सेंटिमीटरच्या तुकड्यावर करून बघा. वेळ १.८ मिलिसेकंद, वेग ५५.५. एका सेंटिमीटरची चूक झाली की एका बाजूला ५०, दुसऱ्या बाजूला ६१. अंतर जेवढं तोकडं तेवढी टेपची चूक बोकांडी बसते. त्यात कोपर एकदा सरळ आणि एकदा दुमडलेला ठेवलात तर विचारायलाच नको. सरळ कोपरात अल्नर नर्व्ह आत सैल पडलेली असते, त्वचेवरून मोजलेलं अंतर तिच्या खऱ्या लांबीपेक्षा कमी येतं आणि वेग खोटाच कमी दिसतो. कोपर ७० ते ९० अंशांत दुमडा आणि दोन्ही वेळा तसाच ठेवा, एवढं पुरे.

ॲम्प्लिट्यूडला टेपशी देणंघेणं नाही, त्याचं सगळं इलेक्ट्रोडच्या जागेवर आणि शॉकच्या जोरावर अवलंबून. अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या स्नायूवर ॲक्टिव्ह इलेक्ट्रोड नेमका मोटर पॉइंटवर (स्नायूत लहर जिथून सुरू होते त्या जागेवर) बसला तर लहर सरळ वर उसळते. काही मिलिमीटर सरकला तर आधी छोटासा खड्डा पडतो आणि मगच रेघ चढते, उंचीही कमी भरते. शॉक पुरेसा नसेल तर काही तंतू पेटतच नाहीत. लहर आणखी वाढत नाही असं दिसल्यावर त्याच्याही वर २० ते ३० टक्के करंट द्यायचा हा नियम सगळ्यांना पाठ असतो, पण मित्र कळवळला की हात आखडता घेतला जातोच. निरोगी सहकाऱ्यांवरच्या अभ्यासात हे हमखास होतं. पेशंट बिचारा सोसतो, मित्र शिव्या घालतो.

आपल्याकडची एक खास अडचण सांगतो, पुस्तकात सापडणार नाही. नुकतं लग्न झालेल्या मुलींच्या हातात हिरवा चुडा असतो आणि तो नेमका मनगटाच्या त्या जागेवर, जिथे शॉक द्यायचा. काढायला सांगणं बरं दिसत नाही, म्हणून टेक्निशियन बांगड्या वर सारून, जागा सापडेल तिथे शॉक देतो. पहिल्या खेपेला शॉक एका जागी, दुसऱ्या खेपेला दोन सेंटिमीटर वर, आणि डिस्टल लेटन्सी बदलली की आपण कारण शोधत बसतो. ॲक्टिव्ह इलेक्ट्रोडपासून शॉकचं अंतर दर वेळी टेपने मोजून ठराविक ठेवा. आम्ही आठ सेंटिमीटर ठेवतो. बांगड्या कोपराकडे सरकवून रुमालाने बांधल्या की काम होतं. डोक्याला खोबरेल लावून थेट येणाऱ्यांचे तळहातही आधी स्पिरिटने पुसावे लागतात, नाहीतर इलेक्ट्रोड घसरतो.

सेन्सरीचं ॲम्प्लिट्यूड तर मायक्रोव्होल्टमध्ये, मोटरच्या, म्हणजे स्नायूकडे जाणाऱ्या तंतूंच्या, हजार भागांतला एखादा भाग. नर्व्ह आणि इलेक्ट्रोड यांच्यामध्ये थोडी सूज आली, बोटातली रिंग जरा सरकली, की ते ढासळतं. जवळच पंखा किंवा जुन्या चोकची ट्यूब चालू असेल आणि अर्थिंग कच्चं असेल तर ५० हर्ट्झचा गुणगुणाट वेगळा. सगळं अगदी ठाकठीक असतानाही एकाच माणसाच्या उजव्या-डाव्या हातांतला बराच फरक आम्ही गृहीतच धरतो. एका बाजूचं ॲम्प्लिट्यूड दुसऱ्याच्या निम्म्याहून कमी झालं तरच भुवया उंचावतात.

माझ्या मते तुमच्या प्रबंधात सगळ्यात मोठी उणीव आहे ती एफ वेव्हची. मनगटावर शॉक दिला की लहर स्नायूकडे जाते तशीच उलट मणक्याकडेही जाते, तिथल्या मोटर पेशींपैकी मोजक्या पेशी ती परतवतात आणि ती पुन्हा हाताच्या स्नायूत उमटते. मॅग्लाडेरी आणि मॅकडूगल यांनी १९५० मध्ये हिचं वर्णन केलं. दहा ते वीस शॉक द्यायचे आणि सगळ्यात लवकर आलेल्या लहरीची वेळ घ्यायची. हातात ती साधारण २६ मिलिसेकंद, पायात ४८ च्या आसपास. गंमत अशी की इथे टेप लागतच नाही, म्हणून टेपची चूकही नाही. शिवाय प्रवास लांबचा, त्यामुळे कर्सर अर्धा मिलिसेकंद चुकला तरी २६ पैकी दोन टक्क्यांच्या आतच. तेवढीच चूक ३.५ मिलिसेकंदांच्या डिस्टल लेटन्सीत झाली तर चौदा टक्के.

यावर जपानमध्ये मोठं काम झालंय. जुन किमुरा आणि सहकाऱ्यांनी अनेक केंद्रांत, एकाच ठरलेल्या पद्धतीने, १३२ निरोगी माणसांची टेस्ट एक ते चार आठवड्यांच्या अंतराने दोनदा घेतली, आणि मधुमेही पेशंटांचीही घेतली. सगळ्यात जास्त हललं ॲम्प्लिट्यूड, मग डिस्टल लेटन्सी, त्यानंतर वेग, आणि सगळ्यात कमी हलली ती एफ वेव्हची किमान लेटन्सी. निरोगी माणसांत तिचा फरक दहा टक्क्यांच्या आसपासच राहिला. ॲम्प्लिट्यूडचे आयसीसी मोठे येऊनही प्रत्यक्ष टक्केवारीतला फरक मोठाच होता, म्हणजे तुमच्या टेबलावरचं कोडं तिथेही होतं. गाइडना हेच दाखवा.

एफ वेव्हलाही खोड आहे. ती उंचीवर अवलंबून, सहा फुटी मुलाची आणि पाच फुटी मुलीची एकाच मर्यादेने मापता येत नाही. म्हणून 'हा माणूस नॉर्मल आहे का' या प्रश्नाला ती उंची लक्षात घेतल्याशिवाय उत्तर देत नाही. पण 'हा माणूस गेल्या वेळेपेक्षा बदललाय का' याला ती सगळ्यात चांगलं उत्तर देते, कारण दोन आठवड्यांत कुणाची उंची बदलत नाही. हे दोन प्रश्न वेगळे आहेत, आणि आपल्या बहुतेक लॅबमध्ये दोन्हींची उत्तरं एकाच तक्त्यावरून दिली जातात.

तुमच्या अभ्यासात दोन्ही वेळा टेस्ट तुम्हीच घेतलीत, त्यामुळे आलेली चूक ही कमीत कमी आहे. माणूस बदलला की ती वाढते. अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या पीटर डिक यांच्या गटाने मधुमेही पेशंट वेगवेगळ्या अनुभवी तज्ज्ञांकडून तपासून घेतले, तेव्हा त्या तज्ज्ञांच्या आकड्यांतही लक्षणीय फरक निघाला. पद्धत आणि नॉर्मलचे तक्ते एकसारखे ठेवायला हवेत असा आग्रह त्यांनी त्यानंतर धरला. म्हणून पेशंट दुसऱ्या शहरातला जुना रिपोर्ट घेऊन येतो आणि 'वेग ५४ होता, आता ५० झाला, नस खराब होतेय का?' असं विचारतो, तेव्हा मी त्याला आधी शांत बसवतो. लॅब वेगळी, हात वेगळे, ऋतू वेगळा, यात चार मीटर म्हणजे काहीच नाही.

प्रबंधाला अजून वेळ असेल तर दहाच मुलांवर एक जास्तीचं काम करा, अभ्यासाला एकदम वजन येईल. एकाच बैठकीत इलेक्ट्रोड न काढता दोनदा रीडिंग घ्या. मग इलेक्ट्रोड काढून, खुणा पुसून, पुन्हा लावून घ्या. मग विभागातल्या दुसऱ्या रेसिडेंटला पहिले आकडे न दाखवता घ्यायला सांगा. पहिल्या जोडीतला फरक मशीनचा आणि कर्सरचा. दुसऱ्यात जी भर पडली ती इलेक्ट्रोडच्या जागेची आणि टेपची. तिसऱ्यात जी पडली ती माणसाची. दोन आठवड्यांचे आकडे तुमच्याकडे आहेतच. मशीनमध्ये दोष आहे का, या शंकेचंही उत्तर पहिल्याच जोडीत मिळेल. पेनाच्या खुणा मात्र खरोखर पुसा. मुलं त्या दोन दिवस तशाच ठेवतात आणि मग रीडिंग संशयास्पद सुंदर जुळतात.

राहता राहिला सहा नंबर. १३ वरून ८ म्हणजे ५ मिलिव्होल्ट, आपल्या पावणेतीनच्या हिशेबात हे बसत नाही. त्याचे दोन्ही ग्राफ स्क्रीनवर एकाखाली एक उघडा, आकडे झाकून. दुसऱ्या ग्राफमध्ये रेघ चढण्याआधी खाली खड्डा पडलेला दिसला तर इलेक्ट्रोड मोटर पॉइंटवर नव्हता. खड्डा नसेल तर मनगटावरच्या शॉकचा करंट बघा, पहिल्या खेपेपेक्षा बराच कमी असेल तर मुलगा ओरडला आणि तुम्ही थांबलात. आणि मनगटावर ८ पण कोपरावर मात्र १२ आले असतील, तर मनगटावरचा शॉक अपुरा होता याचा तो आणखी एक पुरावा. यातलं काही सापडलं तर त्याला परत बोलावून घ्या आणि तिसरं रीडिंग तिसरं म्हणूनच नोंदवा. काहीच सापडलं नाही तर ८ तसाच तक्त्यात राहू द्या, खोडू नका.